दिवा निळाच होता

टीव्हीच्या पडद्यावर पोलिसांची गाडी आली आणि आमच्या काकांनी तिला मुकाट्यानं जाऊ दिलं, असं उभ्या जन्मात झालेलं नाही. खऱ्या पोलिसांनी रस्त्यावर लोकांच्या अडवल्या नसतील इतक्या गाड्या काकांनी सेनगावच्या आपल्या घरात, लोखंडी खुर्चीवर बसून पोलिसांच्या अडवल्या आहेत. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवत शिकवत म्हातारे झाले आणि निवृत्त झाल्यावर जुन्या मालिका बघायला बसले, ते अजून उठलेले नाहीत. आपल्याकडच्या दूरदर्शनच्या जमान्यातल्या, परदेशातल्या, हिंदीत बोलणाऱ्या, इंग्रजीत बोलणाऱ्या, सगळ्या त्यांना सारख्याच. कारण माणसं काय बोलतात याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसतं. ते वाट बघत असतात गाडीची. लांबून जीप येताना दिसली की खुर्चीत सावरून बसतात, रिमोट असा पुढे धरतात की चौकातला हवालदार काय धरेल, आणि दाबतात. जीप जागच्या जागी थांबते. आत इन्स्पेक्टर तोंड अर्धवट उघडं टाकून बसलेला असतो. काका खुर्ची पुढं ओढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, “आता बघ, हा दिवा बघ.” पुढचा अर्धा तास तो इन्स्पेक्टर तसाच बसतो. मावशी म्हणते, “ह्यांच्यापायी एकाबी खुन्याला फाशी झालेली मी पाहिली न्हाई.”

दिव्यात काय बघायचं असतं, असं मला लग्नाआधी वाटायचं. आता वाटत नाही, कारण ते मला इतक्या वेळा सांगून झालंय की मीसुद्धा नवऱ्याशेजारी बसून सिनेमा बघताना मधेच “तो दिवा डावीकडं होता” म्हणते आणि बोलणी खाते. काकांच्या हरकतींना अंत नाही. पहिल्या चित्रात दिवा टपाच्या मधोमध, दुसऱ्या चित्रात ड्रायव्हरच्या डोक्यावर; मधल्या काळात चोराच्या मागं लागलेल्या पोलिसांनी गाडी थांबवून, खाली उतरून, दिवा सरकवला काय? गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली आणि जीपवर प्लास्टिकचं टोपण. भर दुपारी दिवा चालू, अंधारात बंद. दिवा लागलाय पण फिरतच नाही. दिवा फिरतोय पण शेजारी उभ्या नटाच्या गालावर उजेड पडत नाही. किंवा उजेड पडतो, पण दिवा मागं आणि उजेड पुढून. सायरन दवाखान्याच्या गाडीचा. एका परदेशी मालिकेत पाठलाग करताना गाडी फाटकावर आदळली, दिव्याचं टोपण फुटलं, आणि वळण घेऊन गाडी बाहेर आली तर टोपण जसंच्या तसं. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. “हे लोक चंद्रावर जाऊन आले म्हणतेत,” ते म्हणाले, “आन् इथं यांना एक टोपण सांभाळता येईना.”

सगळ्यात जास्त राग त्यांना दिवा फिरतो असं म्हणणाऱ्यांचा. दिवा फिरत नसतो. दिवा आपल्या जागी बसलेला असतो; फिरतो तो त्याच्याभोवतीचा आरसा. हे पटवून द्यायला त्यांना एक बॅटरी, एक स्टीलची वाटी आणि अंधारी खोली लागते. आमच्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, मुलीला काय काय येतं ते विचारून झालं, आणि मुलाच्या वडिलांच्या तोंडून सहज निघून गेलं की येताना रस्त्यात कुठल्याशा साहेबांच्या ताफ्यानं अडवलं, नुसते दिवे फिरू लागले होते. झालं. काकांनी उठून खिडक्या लावल्या, दार लोटलं, मुलीला वाटी आणायला सांगितली. अंधारात पाहुणे मंडळी एकमेकांचे गुडघे चाचपत बसली आणि काका बॅटरीभोवती वाटी फिरवत राहिले. ते स्थळ गेलं. पण मुलाचे वडील आरशाचं समजून घेऊनच गेले, असं काका आजही समाधानानं सांगतात.

एकदा त्यांच्या छातीत दुखू लागलं. मावशीनं घाबरून दवाखान्याची गाडी बोलावली. दोघं जण त्यांना धरून आणू लागले, तर हा माणूस दारात पाय रोवून उभा. गाडीवरचा दिवा बंद होता. “दिवा लावा, मंग बसतो,” म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, “गुरुजी, रस्ता मोकळाच हाय, गरज न्हाई.” काका म्हणाले, “तुला गरज न्हाई, मला हाय. मी काय बाजाराला चाललो व्हय?” शेवटी दिवा लागला, काकांनी तो खालून वरून बघितला, बराबर आहे म्हणाले आणि मग आडवे झाले. हिंगोलीला पोचल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की पोटात वायू धरलाय. मावशी त्यांच्यावर जी भडकली ती आठ दिवस.

शाळेच्या स्नेहसंमेलनात तर एका वर्षी त्यांनी पुठ्ठ्याची पोलीस जीप केली होती. चोर-पोलिसांचं नाटक होतं. जीपवर लाल-निळा कागद लावलेला दिवा, आत आरसा, आरशाला दोरी, दोरीचं टोक पडद्यामागं काकांच्या हातात. ऐन वेळी दोरी अडकली. पोलीस जीपमध्ये बसून राहिले, कारण आरसा फिरल्याशिवाय जीप हलवायची नाही अशी सक्त ताकीद होती. चोर रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला पकडला जायची वाट बघत उभा. प्रेक्षक खोकू लागले. शेवटी चोरालाच दया आली. तो चालत आला, वर चढला आणि त्यानं दोरी सोडवली. मग आरसा फिरला, जीप हलली आणि चोर पळाला. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षी शेतीवरचं नाटक बसवलं.

आता हे वेड आलं कुठून, ते सांगायला पाहिजे. सांगताना मला बरं वाटत नाही, पण ते सांगितलं नाही तर काका म्हणजे एक गमतीदार म्हातारा एवढंच तुमच्या लक्षात राहील.

सेनगावात काकांच्या गल्लीत पहिला टीव्ही काकांच्याच घरी आला. काळा-पांढरा. त्या काळी अशा टीव्हीपुढं लावायचा एक रंगीत प्लास्टिकचा पडदा मिळायचा. वरचा भाग निळा, मधला तांबूस, खालचा हिरवा. वर आभाळ, खाली गवत आणि मधे माणसाचा चेहरा, अशी त्यामागची कल्पना. काकांनी तो आणून लावला आणि तेव्हापासून त्या घरात प्रत्येक नटाचे केस निळे, चेहरा तांबडा आणि बूट हिरवे झाले. पहिले चार दिवस आम्ही हसलो. मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर तो पडदा तिथं आहे हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

त्या टीव्हीसाठी माझा मामा, म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ, दर शनिवारी कनेरगाव नाक्याहून यायचा. त्याचा तिथं वाशीम रस्त्यावर ढाबा. ढाब्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघून त्यालाही गाड्यांचं भलतंच वेड. शनिवारी मुक्काम करायचा आणि रविवारी दोघं सकाळपासून टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे. एक जुनी पोलिसी मालिका तेव्हा पुन्हा दाखवत होते. एक जण जीप दिसली रे दिसली की “टायर बघा दाजी” म्हणायचा, दुसरा “दिवा बघ” म्हणायचा, आणि थांबवायची सोय नसल्यामुळं दोघं एकाच वेळी बोलायचे. मेव्हण्या-मेव्हण्यांचं इतकं सूत मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. मावशी भाकरी थापता थापता ओरडायची, “आवाज कोणचा टीव्हीचा आन् कोणचा तुमचा तेच कळंना.” मी सुट्टीत तिथं असायची. त्या घरात तेव्हा इतकं हसू होतं.

मग मामानं ढाब्यावर स्वतःचा टीव्ही घेतला. रंगीत. रंगाचं बटण असायचं त्याला, आणि गिऱ्हाइकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून मामानं ते पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं. ढाब्यावरच्या टीव्हीत भातसुद्धा केशरी दिसायचा. ढाबा सोडून येणं जमेना, म्हणून मामाची शनिवारची फेरी कमी झाली. दोघं आता तीच मालिका आपापल्या घरी बघायचे आणि भेटले की आठ दिवसांचं बोलून घ्यायचे. अशात माझं लग्न आलं.

लग्न हिंगोलीला. काका आमच्या आईच्या माहेरचे मोठे जावई, त्यांना मानाचा पाट. मामा नवरीचा मामा, कमरेला उपरणं बांधून बुंदी वाढत होता. पंगत अर्धी झाली असेल. काकांनी मामाला विचारलं, “परवाचा भाग पाहिला का? वळणावरच्या बंगल्यापुढं जीप थांबती तो? दिवा कसला निळाशार होता.” मामा बुंदीचं भांडं घेऊन थांबला. “निळा न्हाई दाजी, लाल होता.” “निळा होता.” “लाल.” काका म्हणाले, “मी रंगाचा मास्तर हाय.” मामा म्हणाला, “आमच्या ढाब्यावर रंगीत टीव्ही हाय.” इथवर सगळं नेहमीचंच होतं. पण पंगतीत बसलेलं वराकडचं कुणीतरी हसलं आणि म्हणालं, “ड्रॉइंगच्या मास्तरला रंग वळखू येईनात, लेकरं कशी रंगवत असतील.” सगळी पंगत हसली. मामाही हसला. काकांनी हात धुतला आणि उठले.

आता आमच्याकडं जावई पानावरून उठला की काय करायचं ते ठरलेलं असतं. मेव्हण्यानं हातातलं काम टाकून मागं जायचं, खांद्यावर हात टाकायचा, चुकलं म्हणायचं. जावयानं दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा येऊन बसायचं. चूक कुणाची होती याला त्यात काडीची किंमत नसते. काका मांडवामागं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले आणि वाट बघू लागले. मामाला वाटलं, दिव्यापायी कुणी रुसत असतं व्हय, हात वाळले की येतील. त्यात बुंदी संपत आली, त्याला कुणीतरी हाक मारली, तो आत गेला. तो टाकीपाशी गेला तेव्हा काका एस.टी. स्टँडवर पोचले होते. आता रुसायची पाळी मामाची. भाचीचा मांडव टाकून गेले, आता त्यांनी यावं. काका म्हणायचे, मी उठलो होतो, त्यानं यावं. दोघांचंही रिवाजाप्रमाणं बरोबर होतं, आणि तीसेक वर्षं कुणीच आलं नाही.

तुम्ही म्हणाल, तो निळा पडदा, ते केशरी बटण, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात कशी आली नाही? नाही आली. कारण टाकीपाशी उभं राहिल्यापासून पुढं ते भांडण दिव्याचं राहिलंच नव्हतं.

मावशीचं माहेर तुटलं नाही, काकांनी तुटू दिलं नाही. ते स्वतः तिला घेऊन यायचे. सेनगावहून हिंगोली, हिंगोलीहून कनेरगाव नाका. तिथं उतरलं की मावशी रस्ता ओलांडून भावाच्या ढाब्यावर जायची आणि काका रस्त्याच्या अलीकडच्या हॉटेलात बसायचे. बरोबर समोर. ढाब्यातली बाज तिथून दिसायची. बाजेवर मामा. मधून ट्रक जायचे. संध्याकाळी मावशी परत आली की विचारायचे, “काय म्हणत होता?” मावशी म्हणायची, “रस्ता काय समुद्र हाय? जाऊन इचारा.” काका म्हणायचे, “त्यानं एकदा हात केला असता तर गेलो असतो.” मी एकदा मामालाही विचारलं होतं. तो म्हणाला, “त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं असतं तर म्या हात केला असता.”

आणि काका त्या मालिका बघत होते ते दिवे तपासायला नाही, हे मला फार उशिरा कळलं. ते एक दिवा शोधत होते. वळणावरचा बंगला, त्यापुढं थांबणारी जीप. मालिकेचं नाव दोघांच्याही डोक्यातून गेलेलं. जुनं काय काय लोक नेटवर टाकतात, तेव्हा कधीतरी तेही येईल, असा त्यांना भरवसा. प्रत्येक जीप थांबवून ते आधी मागचा बंगला बघायचे. तो नसला की मग रागानं दिव्याच्या चुका काढायचे.

दोन वर्षांपूर्वी मामाचे डोळे जाऊ लागले. काचबिंदू. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचं धूसर झालं. ढाबा मामेभाऊ बघू लागला, मामा बाजेवर बसू लागला. मावशी तिकडून आली की काका आता “काय म्हणत होता?” असं विचारत नव्हते. विचारायचे, “पाणी कोणी दिलं ते वळखतो का?” मावशी व्हय म्हणाली की त्यांना बरं वाटायचं आणि घरी येऊन ते आणखी जोरानं मालिका बघायचे. एक दिवस मावशी म्हणाली, “आवाज दिला तवा वळखलं मला.” त्या रात्री काका जेवले नाहीत. मला फोन करून म्हणाले, “पोरी, तुझ्या त्या मोबाईलमधी नीट शोध. वेळ न्हाई आता. त्याला दिसतंय तवर दाखवाया पायजे.”

मी शोधायला बसले. मला मोबाईलमधलं काही कळत नाही, माझा शिवणक्लास बरा. पण क्लासला येणाऱ्या मुलींना त्यातलं सगळं कळतं. बंगला, वळण, जीप, जुनी मालिका, असं त्यांनी काय काय लिहून बघितलं. बरेच दिवस काही हाती लागलं नाही, आणि मग एका दुपारी लागलं. काका आणि मावशी त्या दिवशी माझ्याकडंच आले होते. मी मोबाईल काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. वळण आलं. बंगला आला. जीप येऊन थांबली. काकांनी बोट ठेवलं, चित्र थांबलं.

दिवा निळा नव्हता. लालही नव्हता. बंगला, झाड, जीप, इन्स्पेक्टर, कशालाच रंग नव्हता. ती मालिका मुळातच काळी-पांढरी होती. टपावरचा दिवा होता राखाडी.

काका बराच वेळ बघत राहिले. मावशीच म्हणाली, “अवो, आपल्या टीव्हीला ते प्लॅस्टिक होतं की, वर निळं. आन् त्याचा टीव्ही तर सदान् कदा तांबडाच राहत होता.” काकांनी मान हलवली. “म्हंजे तोबी खोटा न्हाई, मीबी खोटा न्हाई,” म्हणाले. मला वाटलं आता ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. थोड्या वेळानं उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, “चला, कनेरगावला जाऊ.”

नाक्यावर उतरल्यावर ते हॉटेलकडं वळलेच नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दोन ट्रक गेले, एक एस.टी. गेली, रस्ता मोकळा झाला तरी उभेच. मग मावशीनं त्यांचा हात धरला. मावशीनं चारचौघांत त्यांचा हात धरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ढाब्याच्या पत्र्याखाली मामा बाजेवर बसला होता. पावलं वाजली तशी त्यानं मान फिरवली. “अक्का,” म्हणाला, “संगं कोन हाय? दाजी व्हय?”

काका जाऊन बाजेच्या कडेला बसले. बाज करकरली. मामानं हात पुढं करून चाचपलं, तो काकांच्या गुडघ्यावर पडला आणि त्यानं तो तिथंच ठेवला. काका खाकरले. “ती मालिका सापडली,” म्हणाले.

मामा ताठ झाला. “वळणावरच्या बंगल्याची?”

“तीच.”

“लावा.”

काकांनी लावली. मामानं कान पुढं केला. जीपचा ब्रेक लागल्याचा आवाज आला तसा म्हणाला, “हां, आता आला. आता थांबवा.” काकांनी थांबवली. मामानं मोबाईल दोन्ही हातांनी धरून पार नाकापाशी नेला, इकडून तिकडून फिरवला, आणि मग खाली घेतला. “मला नुसतं उजेड हाय येवढं कळून राहिलं दाजी. रंग काय कळत न्हाई. तुमी सांगा.”

मला वाटलं, आता सुरू होणार. तो पडदा, ते बटण, राखाडी रंग कसा होतो, सगळं. जन्मभर चुकीच्या दिव्याला ज्यांनी पाय ठेवू दिला नाही ते आमचे काका. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि चित्राकडं नीट बघितलं.

“लाल हाय,” म्हणाले.

“बराबर बघा.”

“बराबर बघूनच सांगून राहिलो. तू म्हणला व्हतास तसाच. लाल.”

मी आणि मावशी खाली बघत राहिलो. मामा जिंकल्यासारखा हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं मोबाईल काकांच्या हातात दिला. मग म्हणाला, “त्या दिवशी मी निळा म्हणलो असतो तर माझं काय गेलं असतं? येवढा मोठा टीव्ही घेतला आन् एकल्यानं पाहिला मी.”

“मी समोरच बसत होतो,” काका म्हणाले.

“माहीत हाय मला. तुमच्या चहात साखर कमी टाक म्हणून त्या हॉटेलवाल्याला मीच सांगून ठेवलं व्हतं. अक्कानं तुमच्या शुगरचं सांगितलं तवापासून.”

त्यांनी मामाच्या खांद्यावर हात टाकला, जसा त्या दिवशी टाकीपाशी कुणी टाकायला पाहिजे होता, आणि “चुकलं,” म्हणाले. जावयानं असं म्हणायचा रिवाज नाही. मामा म्हणाला, “तसं नगा म्हणू दाजी,” आणि रडू लागला. मग दोघंही रडले. मामेभाऊ भांडी घासायची सोडून आत निघून गेला. उरलेला भाग काकांनी लावला आणि पडद्यावर काय चाललंय ते मामाला सांगत बसले. कोण आलं, कोण कुठं उभं आहे, जीपचे टायर कसे आहेत. टायरचं मामानं विचारलं म्हणून. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच होतो.

परतीच्या गाडीत मावशी खिडकीपाशी बसली, काका माझ्या शेजारी. सोयाबीनची शेतं मागं जात होती. काका तळहात उघडे टाकून बसले होते. मग हळूच म्हणाले, “मी खोटं बोललो ते त्याला कळलं असंल का गं?”

“नाही कळलं,” मी म्हटलं.

“कळलं असंल,” काका म्हणाले. “जुन्या मालिकांचं त्याला माझ्याइतकंच कळतं. रंग नव्हताच हे त्याला माझ्या आवाजावरूनबी कळंल. पण बोलला न्हाई. मी पुन्हा रुसून जाईन म्हणून.”

हिंगोलीच्या स्टँडवर उतरताना मावशीला म्हणाले, “उद्या कनेरगावला जरा लवकर निघू.”